आईची झाडं आणि उत्तरेची बाल्कनी

पत्र, थोडक्यात: ठाण्यात नवव्या मजल्यावर राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या एक वाचक लिहितात की, गेल्या मे महिन्यात त्यांची सत्तरीतली आई गुहागरकडचं घर बंद करून कायमची त्यांच्याकडे राहायला आली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला एकटीने राहणं जमण्यासारखं नव्हतं. शेजारीच राहणारे काका घरावर लक्ष ठेवतात. येताना आईने अंगणातला मोगरा, अनंत, जास्वंद, अबोली, तुळस, कढीपत्ता आणि गावच्या लाल मातीची दोन पोती आणली. बाल्कनी उत्तरेला आहे, स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला. जूनमध्ये मोगरा छान फुलला. गणपतीनंतर पानं पिवळी पडू लागली, दिवाळीपर्यंत मोगऱ्याच्या नुसत्या काड्या उरल्या, आता अनंत आणि तुळस त्याच वाटेवर आहेत. आई सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी घालते, तांदळाचं धुवणही ओतते. ‘इथलं पाणी लागत नाही झाडांना’ एवढंच म्हणते आणि गप्प होते. यजमानांचं म्हणणं, सरळ प्लॅस्टिकची आणू. वाचकाच्या मनात वेगळंच आहे: पुढच्या महिन्यात आई आठवडाभर भावाकडे जाईल, तेव्हा नर्सरीतून तशीच झाडं आणून त्याच कुंड्यांत लावायची आणि नंतर पाण्याचं काम हळूच आपल्याकडे घ्यायचं. ‘झाडं गेली तर आई खचेल. तिला न कळू देता हे कसं करू?’

ताई,

आधी तातडीचं सांगते: मोगरा अजून उपटू नका. थंडीत मोगरा तसाही मरगळतो, पानं गाळतो, आणि जाणती माणसं त्याची छाटणीही याच दिवसांत करतात. जाड फांदीची साल नखाने किंचित खरवडून बघा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर तो जिवंत आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर तसंच खाली खाली खरवडत या. मातीलगत हिरवं सापडलं तरी आशा धरायला हरकत नाही. फक्त हे एकट्याने करू नका, आईला शेजारी बसवून करा. का, ते पुढे येईलच.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही ठरवूनच टाकली आहे: झाडं आईच्या पाण्यामुळे जातात. पाणी जास्त होतंय, यात शंका नाही. पण तोच तांब्या जूनमध्येही रिकामा होत होता आणि तेव्हा मोगरा फुलला होता. मग गणपतीनंतर काय बदललं? बदललं ते ऊन.

ठाणं साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो. या काळाच्या दोन टोकांना आपल्याकडे शून्य सावलीचे, म्हणजे भर दुपारी उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होण्याचे, दिवस येतात, ते याचमुळे. म्हणजे आई आली तेव्हा तुमच्या बाल्कनीला वर्षातलं सगळ्यात चांगलं ऊन मिळत होतं. पुढे ते सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हापुरतं उरतं आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास तेही संपतं. तिथून २१ मार्चपर्यंत उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. उजेड असतो, आपल्या डोळ्यांना तो पुरेसा वाटतोही, पण मोगरा, जास्वंद, तुळस यांना रोज निदान चार-पाच तास थेट ऊन लागतं. भर उन्हात उघड्यावर सुमारे एक लाख लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप) उजेड असतो. घरात खिडकीपासून दोन-तीन मीटर आत तो काहीशे लक्सवर येतो. आपले डोळे हा फरक झाकून टाकतात, झाडाचं पान झाकू शकत नाही.

ऊन कमी झालं की पान पाणी कमी खेचतं. माती मग दिवसेंदिवस ओली राहते, मातीतल्या पोकळ्यांमधली हवा निघून जाते आणि मुळं गुदमरून कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी वर चढवता येत नाही, म्हणून भर ओल्या मातीतलं झाड मान टाकतं. बघणाऱ्याला ते तहानलेलं दिसतं. माया असलेला माणूस अशा वेळी आणखी एक तांब्या ओततो. तुमच्या घरात हेच झालं असणार, आणि त्यात आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जांभ्यावरच्या उताराच्या जमिनीत ओतलेलं पाणी बघता बघता निघून जातं. तिथे दोन वेळचं शिंपणं हा शहाणपणाच आहे. गांडुळं आणि आजूबाजूच्या झाडांची मुळं ती माती भुसभुशीत ठेवत होती. पोत्यातून कुंडीत आली तेव्हा ती नुसती माती उरली, आणि रोजच्या पाण्याने दाबून विटेसारखी घट्ट झाली. तांदळाच्या धुवणाचंही तसंच. गावाकडे ते मोरीतून अळवाला आणि केळीला जात होतं, मुरत होतं. सावलीतल्या कुंडीत ते आंबतं आणि मातीवर बारीक चिलटं घोंगावू लागतात.

आता आईच्या त्या वाक्याकडे येते. ‘इथलं पाणी लागत नाही झाडांना.’ तुम्ही ते तिच्या मनाबद्दल वाचलंत, म्हणून तुमच्या पोटात तुटलं. त्यात थोडं मन असेलही; घर बंद करून आलेल्या बाईचं बोलणं पूर्ण कोरडं कसं असेल? पण मी ते आधी झाडांबद्दलचं वाक्य म्हणून वाचेन. ज्या बाईने आयुष्यभर आगर, म्हणजे घरामागची माडा-पोफळींची बाग, शिंपलं, ती बाई निदान करते आहे. तिला दिसतंय की पाणी आणि झाड यांचं जमत नाहीये. नेमकं कशामुळे ते तिला सापडलेलं नाही, कारण ते उन्हात आहे आणि बाल्कनीतल्या उन्हाचा हिशेब तिला कधी मांडावा लागला नव्हता. तिने अर्धं उत्तर काढलेलं आहे. उरलेलं अर्धं तुम्ही तिला द्या.

म्हणूनच गुपचूप झाडं बदलण्याच्या बेताला माझा साफ विरोध आहे. तो फसेल, हे एक कारण. स्वतःच्या अंगणातली जास्वंद ती पानावरून ओळखेल. नर्सरीतला मोगरा बटमोगरा निघाला किंवा मदनबाण, तर पहिल्या कळीला सगळं उघड होईल. पण तो फसला नाही तरी वाईटच. नवी झाडंही त्याच सावलीत, त्याच मातीत, तीन-चार महिन्यांत जातील आणि मग आईला वाटेल, आपल्याच हाताला आता झाड मानवत नाही. शिवाय तुम्ही धरून चालला आहात की झाड गेल्याने ती खचेल. ताई, बागेत वाढलेल्या माणसाने तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त झाडं मरताना पाहिलेली असतात. वादळात पडलेल्या पोफळी, वाळवीने खाल्लेली कलमं, गुरांनी ओरबाडलेली रोपं. त्या घरात झाड मरणं ही लपवायची गोष्ट कधीच नव्हती. ती बोलायची गोष्ट होती: कशाने गेलं, तिथे आता काय लावायचं. तिला जड जात असेल ते हे बोलायला कोणी नसणं.

पाण्याचं काम काढून घेणंही मला पटत नाही. नव्या घरात आल्यावर तिच्या हातात स्वतःचं म्हणावं असं काम कितीसं उरलं असेल? तिला दोन वेळा पाणी घालायचं असेल, तर दोन वेळा पाणी पिणारं झाड तिला द्या. अळू लावा. पसरट टबात, खत घातलेल्या मातीत, बाल्कनीच्या सगळ्यात उजेडाच्या कोपऱ्यात. अळवाला ओल आवडते, सावलीतही ते पानं देतं, आणि तांदळाचं धुवण थोडं-थोडं त्याच्या मातीत गेलं तरी ते तक्रार करणार नाही. घरात वडीपुरती पानं निघू लागली की यजमानांना प्लॅस्टिकच्या झाडांची आठवण राहणार नाही. पुदिना आणि ब्राह्मीही ओलीत रमतात, पण त्यांना उजेड जास्त हवा. ती पूर्वेच्या खिडकीत ठेवा.

यापुढचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुम्ही आणि आई दोघीही त्या बाल्कनीकडे अंगण म्हणून बघत आहात. अंगणातली झाडं तिथे लावलीत आणि ती हरली. पण आईच्या घरामागे आगरही होतं. पोफळी आणि माडांच्या खाली काय वाढत होतं, आठवा. मिरवेल, विड्याची पानं, हळद, आलं, कुठे वेलची. ही सगळी गाळलेल्या उजेडातली झाडं. तुमची बाल्कनी म्हणजे पोफळीखालची जमीन आहे. तिथे काय जगतं हे तुमच्या घरात एका माणसाला उत्तम ठाऊक आहे, आणि तिला तो प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही. ‘आई, झाडं का मरतायत’ असं विचारू नका. ‘आई, आगरात सावलीत काय काय लावायचात?’ असं विचारा आणि कागद-पेन घेऊन बसा.

माझ्याकडून त्या यादीत काही घालते. विड्याचा वेल आताही लावता येईल; दोन-तीन पेरांचं कलम भुसभुशीत ओल्या मातीत पटकन रुजतं, आणि एखादी खडबडीत काठी किंवा काथ्या गुंडाळलेला खांब दिला की वर चढतो. थंडीत त्याची वाढ सावकाश होते, घाबरू नका. मिरीसाठी झुडपी मिरी म्हणून कलमं मिळतात. वेलाच्या वर चढणाऱ्या फांदीऐवजी फळणाऱ्या आडव्या फांदीपासून ती करतात, म्हणून झाड चढत नाही, कुंडीत झुडपासारखं राहतं आणि त्याला मिरीही धरते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे किंवा कोकणातल्या चांगल्या रोपवाटिकेत चौकशी करा. काका गावाला आहेतच, ते एखादं रोप कोणाबरोबर तरी पाठवू शकतील. हळद मात्र मे-जूनची. बाजारातून ठसठशीत डोळे असलेले गड्डे आणून आडव्या, खोलगट कुंडीत लावा. सावलीत गड्डे फार पोसणार नाहीत, पण पानं येतील, आणि नागपंचमीला किंवा गणपतीत पातोळ्या करायला घरची पानं असणं ही कोकणातल्या बाईसाठी छोटी गोष्ट नाही. उरलेल्या जागेत नेचे, स्पायडर प्लांट, मनीप्लांट, ॲग्लोनेमा यांपैकी आईला आवडेल ते. स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांट टिकाऊ असतात, पण त्यांना पाणी फार कमी लागतं. तुमच्या घरात तीच झाडं आधी कुजतील, तेव्हा ती नकोतच.

मग अंगणातली झाडं कुठे जातील? पूर्वेच्या खिडकीत सकाळचं ऊन येतं, तिथे दोन किंवा तीन कुंड्यांची जागा होईल. कुठल्या ठेवायच्या हे आईला ठरवू द्या. माझं मत विचाराल तर तुळस, कढीपत्ता आणि मोगऱ्यात जीव असेल तर मोगरा. तुळशीचं आणखी एक सांगते, कारण दर थंडीत मला याबद्दल हळवी पत्रं येतात. तुळस फार वर्षं टिकणारं झाड नाही. मंजिऱ्या धरल्या, बी पिकलं की ती लाकडासारखी होते, आणि थंडीत अनेक घरांत वाळते. त्यात अपशकुन काही नाही. वाळलेल्या मंजिऱ्या हातावर चोळून बी काढून ठेवा, फेब्रुवारी-मार्चमध्ये मातीवर भुरभुरून वर चिमूटभर माती टाका. आणि यापुढे मंजिऱ्या हिरव्या असतानाच खुडत जा, झाड जास्त टिकतं.

जास्वंद खिडकीत मावणार नाही आणि सावलीत तिच्यावर पिठ्या ढेकूण चढतो. तिचं खरं घर काकांकडे. तुम्ही शिमग्याला किंवा मे महिन्यात जाणार असाल तर कुंडीसकट न्या आणि तिथे जमिनीत लावून या. हा पराभव वाटेल तुम्हाला, पण विचार करा: मोगरा, जास्वंद, अनंत यांची फांदी लावून जे झाड होतं ते तेच झाड असतं, त्याच गुणांचं, त्याच वासाचं. गावच्या अंगणात मोगऱ्याची मूळ जाळी अजून असेल, तर पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, तीन-चार डोळ्यांची फांदी काढा, खालची पानं खुडा, दोन डोळे मातीत जातील अशी लावा आणि सावलीत ओलसर ठेवा. चार-सहा आठवड्यांत मुळं धरतात. एक तुमच्याकडे, एक भावाकडे, एक सोसायटीत कोणाची दक्षिणेची किंवा पश्चिमेची बाल्कनी असेल त्यांच्याकडे. आईचा मोगरा एका कुंडीत अडकवून ठेवण्यापेक्षा चार घरांत असलेला बरा. आणि खालच्या मजल्यावरच्या कुणा ओळखीच्या बाईकडे आपला मोगरा कसा आहे हे बघायला जाण्याचं निमित्त आईला मिळालं तर मला फारच आनंद होईल.

अनेक वाचक दिव्यांबद्दल विचारतात. साधा पांढरा एलईडी दिवा, झाडापासून फूटभर वर, रोज दहा-बारा तास लावला तर पुदिना, तुळशीची रोपं, मनीप्लांट यांना उपयोग होतो. मोगरा फुलवण्याएवढा उजेड घरगुती दिव्याने होत नाही. सोसायटीच्या गच्चीचा पर्यायही तुमच्या मनात येईल. परवानगी मिळाली तरी लिफ्ट संपल्यावरचा तो शेवटचा जिना आईच्या गुडघ्याला रोज झेपणार नाही, आणि ज्या झाडाजवळ तिला बसता येणार नाही ते तिच्यासाठी नसल्यासारखंच.

मातीबद्दल. गावची माती फेकू नका, पण एकटी वापरू नका. एक भाग ती माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग भाताचं तूस किंवा विटांचा भरड चुरा. कोकोपीट पाणी खूप धरून ठेवतं. सावलीतल्या कुंडीत आणि पाणी घालायची हौस असलेल्या हाताखाली ते मी टाळेन. कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर दिला की पाणी निघून जातं, असं सांगतात. त्याने फारसा फरक पडत नाही. भोक मोठं हवं, त्यावर खापरीचा तुकडा असा ठेवलेला हवा की माती अडेल आणि पाणी जाईल. सावलीत मातीच्या कुंड्या घ्या, त्यांच्या अंगातून ओल उडते. आजारी झाडाला खत घालू नका, आधी मुळं सावरू द्या. अनंताची पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता आहे. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर ती हमखास दिसते. पावसाचं साठवलेलं पाणी मिळेल तेव्हा द्या आणि नर्सरीतून चिलेटेड लोह आणून डब्यावर लिहिल्याप्रमाणे घाला. आधी मात्र तळाची मुळं कुजलेली नाहीत ना, ते बघा.

पाणी केव्हा घालायचं याची परीक्षा आईला माझ्यापेक्षा चांगली करता येईल. बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल लागली तर आज पाणी नको. थंडीत तुमच्या बाल्कनीत काही कुंड्यांना तीन-चार दिवस पाणी लागणार नाही, आणि ते बघून आईला चैन पडणार नाही, म्हणून तर अळू. कुंड्यांखाली ताटल्या ठेवा, खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी ठिबकायला नको. पण ताटलीत साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटली घासायची. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत सात-दहा दिवसांत तयार होतो. आणि नवव्या मजल्यावर जाळीच्या बाहेर, कठड्यावर एकही कुंडी नको, कितीही ऊन मिळत असलं तरी.

ज्या वाचकांची बाल्कनी वेगळ्या दिशेला आहे त्यांनी झाड विकत घेण्याआधी एक रविवार घरात काढावा. सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला बाल्कनीत हात धरून बघायचं: सावली धारदार पडली तर ते थेट ऊन, पुसट पडली तर नुसता उजेड, पडलीच नाही तर तिथे झाड ठेवायचं नाही. हेच मे महिन्यात आणि डिसेंबरात वेगवेगळं येईल. दक्षिणेच्या बाल्कनीला थंडीत भरपूर ऊन आणि जूनच्या आसपास कमी, म्हणजे उत्तरेच्या बरोबर उलट. पश्चिमेला दुपारचं ऊन मार्च-एप्रिलमध्ये भाजून काढतं. तिथे बोगनवेल आणि अडेनियम खूश, नेचे करपतात.

आता मोगऱ्याकडे परत. साल खरवडून शेवटपर्यंत हिरवं सापडलं नाही, तर आईबरोबरच ती कुंडी जमिनीवर कागद पसरून उपडी करा. तिला खुर्चीवर बसवा, गड्डा तिच्या हातात द्या. मुळं काळपट, बुळबुळीत आणि कुबट वासाची असतील तर पाण्याने गेलं. ठिसूळ, वाळकी असतील तर पाणी आतपर्यंत पोचलंच नाही. तिला सांगा की सप्टेंबरनंतर या भिंतीवर ऊन येत नाही. ती काय म्हणते ते ऐका. तिच्या मनात तोवर दुसरं काही कारण आलं असेल, आणि ते कदाचित बरोबरही असेल.

पुढच्या महिन्यात ती भावाकडे जाईल तेव्हा नर्सरीत जाऊ नका. जायच्या आधी तिच्याकडून प्रत्येक कुंडीचं विचारून घ्या, कुठल्या कुंडीला कधी, किती पाणी, आणि ती सांगेल तसं लिहून फ्रिजवर लावा. मधे एक-दोनदा तिला फोन करून एखाद्या पानाचा फोटो पाठवा आणि विचारा, आज घालू का?